कवळ्यातली खोली आणि तीन रिव्हर्ब पेडल : प्रकल्प नोंदी

गोव्यात कवळ्याला, आमच्या वाड्यावरच्या मंडळाचा गणेशचवथीचा कार्यक्रम. त्यासाठी दोन जुन्या नाट्यपदांच्या चाली इलेक्ट्रिक गिटारवर वाजवून, घरीच रेकॉर्ड करून द्यायच्या आहेत. गिटार आहे, लॅपटॉप आहे, गिटार लॅपटॉपला जोडणारा, दोन इनपुटचा ऑडिओ इंटरफेस आहे. नाही ते रिव्हर्बचे पेडल, म्हणजे आवाज घुमवणारी, पायाने चालू-बंद करायची डबी. तुलनांचे व्हिडिओ पुष्कळ बघितले. सगळीकडे एकच तऱ्हा : माणूस एक जाडजूड कॉर्ड (अनेक स्वर एकदम) ओढतो, हात वर करतो आणि मागे घुमणारी आवाजाची शेपूट विझेपर्यंत छताकडे बघत राहतो. मींड घेणाऱ्याने, म्हणजे स्वरावरून स्वरावर घसरत जाणाऱ्याने, आणि ताना वाजवणाऱ्याने त्यातून काय घ्यावे ते कळेना. म्हणून स्वतःच तीन पेडल आणून बसलो. २०२४ ची चवथ ७ सप्टेंबरला. म्हणजे हातात नऊ शनिवार-रविवार.

६ जुलै, शनिवार

तिन्ही पेडल टेबलावर आली. बॉस आरव्ही-६ म्हापशाच्या एका वादकाकडून जुने घेतले, ९,५०० रुपयांना. रिव्हर्बचे आठ प्रकार, आत-बाहेर दोन्हीकडे स्टिरिओ. टीसी इलेक्ट्रॉनिकचे हॉल ऑफ फेम २ मडगावच्या मावसभावाचे. तो लग्नांच्या बँडमध्ये वाजवतो, आणि चातुर्मासात लग्ने नाहीत म्हणून मला उसने मिळाले. तिसरे साबणाच्या वडीएवढे मिनी पेडल, ऑनलाइन मागवलेले, २,८०० रुपये, मोनो. त्याचे नाव घेत नाही. तसलीच चार-पाच वेगवेगळ्या नावांनी मिळतात.

खोली मागीलदारची. तीन मीटर बाय साडेतीन, चिऱ्याच्या भिंतींना गुळगुळीत गिलावा, खाली लाद्या, वर स्लॅब. घराच्या पुढच्या भागावर कौले आहेत, तिथे पावसात बोललेलेसुद्धा ऐकू येत नाही.

७ जुलै, रविवार

अख्खा दिवस फुकट. गिटारच्या अँप्लिफायरसमोर माईक लावला आणि एकेक पेडल जोडून तीच चाल तीनदा वाजवली. संध्याकाळी हेडफोनवर ऐकले. तिन्ही सारखीच, आणि त्यातल्या त्यात मिनी बरे. इतका आनंद झाला की आरव्ही-६ लगेच विकायला काढावे असे वाटले.

मग सगळी पेडल बंद करून वाजवलेला तुकडा ऐकला. त्यातही रिव्हर्ब होता! तो खोलीचा. मी सकाळपासून तीन पेडलांची नव्हे, आमच्या भिंतींची तुलना करत होतो.

१३ जुलै, शनिवार

खोली मोजली. फोंड्याच्या बाजारातून दहा फुगे आणले, वीस रुपये. खोलीच्या मधोमध उभे राहून टाचणीने फोडले आणि आवाज रेकॉर्ड केला. तिसऱ्या फुग्याला शेजारच्या काकी मागच्या दारात : ‘कोणाचा वाढदिवस?’ त्यांनाही एक फुगा दिला.

मोजणी अशी. फुग्याचा आवाज ६० डेसिबलने खाली यायला लागणारा वेळ हवा असतो, पण घरात तेवढी शांतता मिळत नाही. खाली पंपाची घरघर, बाहेर बेडूक. म्हणून पहिल्या ३० डेसिबलना लागलेला वेळ बघितला आणि दुप्पट केला. सुमारे ०.९ सेकंद. एवढ्याशा खोलीला हे फार झाले. शिवाय टाळी वाजवली की ‘टर्रर्र’ असा आवाज येतो. समोरासमोरच्या भिंतींमध्ये तीन मीटर अंतर, जाऊन-येऊन सहा, म्हणजे आवाज दर साडेसतरा मिलिसेकंदांनी परत येतो, सेकंदाला सत्तावन्न वेळा. कान त्याला घुमणे म्हणत नाही, टर्रर्रच म्हणतो.

१४ जुलै, रविवार

आईच्या ट्रंकेतल्या चार गोधड्या दोन भिंतींवर, पलंगावरची गादी तिसरीला उभी. पुन्हा फुगा : ०.४ च्या आसपास. टर्रर्र गेले. गोधड्यांना पावसाळी कुबट वास आहे, तो रेकॉर्ड होत नाही हे नशीब.

तरीही ठरवले की पेडलांच्या तुलनेत माईक नको. गिटार थेट इंटरफेसमध्ये घालून कोरडी, म्हणजे रिव्हर्बशिवाय, रेकॉर्ड करायची, एकदाच. मग तेच वाजवणे तिन्ही पेडलांतून फिरवून आणायचे. गेल्या रविवारी मी तीनदा वेगवेगळे वाजवले होते. तिसऱ्यांदा हात गरम झालेला, म्हणून मिनी बरे वाटले, हेही एक कारण असणार.

१७ जुलै, बुधवार

आषाढी एकादशी. साबुदाण्याची खिचडी खाऊन रात्री कोरडे रेकॉर्डिंग करायला बसलो. हेडफोनमध्ये गुणगुण. गिटारला सिंगल कॉइल पिकअप (तारांचा आवाज उचलणारी चुंबके) आहेत, ते घरातले सगळे ऐकतात. शोध लावायला पावणेदोन तास गेले. कोणाचे वाचावेत म्हणून क्रमाने लिहितो.

ट्यूबलाइट बंद केली, थोडा फरक पडला. खुर्ची नव्वद अंशांत फिरवून बसलो, बराच फरक. खरा चोर पंख्याचा रेग्युलेटर निघाला. जुना, गोल फिरणारा इलेक्ट्रॉनिक. दोनवर ठेवला की तारांमधून करवत चालते. पूर्ण पाचवर नेला की आवाज जवळजवळ नाहीसा. पण पाचवर पंखा नोटेशनचे कागद उडवतो. पंखा बंद केला तर जुलैतल्या दमट हवेत दहा मिनिटांत बोटे तारेवरून घसरतात. शेवटी पंखा पाचवर आणि कागदांवर पाट्याचा वरवंटा.

कोरडे वाजवताना आणखी एक अडचण आली, ती तारेची नव्हे, हाताची. मागे काही घुमत नसले की हात घाई करतो. रिकामी जागा दिसली की भरतो. ठेहराव राहतच नाही. म्हणून रेकॉर्डिंग कोरडे ठेवले, पण हेडफोनवर ऐकायला सॉफ्टवेअरमधला फुकटचा रिव्हर्ब थोडासा लावला. वाजवणे लगेच जागेवर आले.

२० जुलै, शनिवार

पेडल जोडली. एकच अडॅप्टर, त्याला पाच फाट्यांची माळ, ३५० रुपये. तिन्ही लावली की वर बारीक ‘टीं’ असा सूर. तिन्ही डिजिटल, एकमेकांचा कचरा त्याच तारेतून पितात. खात्री करायला आरव्ही-६ एकटे नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालवले. शांत. पण ते सुमारे ९५ मिलिअँपिअर ओढते, बॅटरी संध्याकाळभरही टिकणार नाही.

प्रत्येक पेडलला वेगळा सप्लाय देणारा बॉक्स मागवला, ४,२०० रुपये. या प्रकल्पातला सर्वांत मोठा अनपेक्षित खर्च, आणि तो माळेवर ३५० घालवल्यावर. थेट बॉक्स घ्यायला हवा होता. मध्ये पुतण्या राउटरचा अडॅप्टर घेऊन आला : ‘काका, हा बसतो बघा!’ बसतो खरा. पण तो १२ व्होल्टचा आणि मधल्या टोकाला धन. या पेडलांना ९ व्होल्ट लागतात आणि मधले टोक ऋण. वेळेवर हात धरला.

२७ जुलै, शनिवार

बॉक्स आला, ‘टीं’ गेली. आता कोरडे रेकॉर्डिंग इंटरफेसच्या आउटपुटमधून पेडलात आणि पेडलातून परत इनपुटमध्ये. कागदावर सोपे.

बटण दाबले आणि कानात शिट्टी, इतकी मोठी की हेडफोन फेकले. झाले असे की इंटरफेसचे डायरेक्ट मॉनिटर चालू होते. इनपुटला आलेला आवाज लगेच आउटपुटला, आउटपुट पेडलात, पेडल परत इनपुटला. सापाने स्वतःची शेपटी गिळली. डायरेक्ट मॉनिटर बंद केले. सॉफ्टवेअरमध्ये परतीच्या ट्रॅकचे मॉनिटरही बंद केले, नाहीतर तोच साप दुसऱ्या बिळातून येतो. उजवा कान रात्रीपर्यंत वाजत होता. हे करून बघणाऱ्याने पहिल्यांदा हेडफोन गळ्यात ठेवावेत, कानावर नाही.

२८ जुलै, रविवार

शिट्टी गेली पण आवाज फाटतो. इंटरफेसचे आउटपुट लाइन लेव्हलचे, पेडलची अपेक्षा गिटारच्या पिकअपची. नळाऐवजी टँकर जोडल्यासारखे. सॉफ्टवेअरमधून आवाज खूप खाली आणता येतो, पण मग इंटरफेसची स्वतःची सरसर तुलनेने वर येते.

आवाज गिटारच्या पातळीवर आणणारा रेडीमेड रीअँप बॉक्स मिळतो, चांगला असतो, महाग असतो. मी दोन रेझिस्टर लावले : १० किलोओहम ओळीत, १ किलोओहम ग्राउंडला. आवाज सुमारे २१ डेसिबलने खाली. दोन्ही मिळून चार रुपये, जॅक आणि डबी धरून १८०. सोल्डरिंगचा पहिला डाग थंड बसला, हलवले की करकर. दुसरा डाग देत असताना वीज गेली, सोल्डरिंग आयर्न थंड होईपर्यंत घाईघाईत उरकला, तोही थंड. तिसरा संध्याकाळी पडवीत बसून नीट दिला.

याला ट्रान्सफॉर्मर नाही, त्यामुळे ग्राउंड लूप (ग्राउंडच्या तारांतून फिरणारा प्रवाह) तुटत नाही. लॅपटॉपचा चार्जर लावला की पन्नास हर्ट्झची हुंकार येते, काढला की जाते. चार्जर काढून बॅटरीवर काम करायचे ठरवले. लॅपटॉप जुना, सव्वा तास पुरतो.

३ ऑगस्ट, शनिवार

आता कुठे खरी तुलना. तीस सेकंदांचा एकच तुकडा तिन्ही पेडलांतून काढला. मिनी पुन्हा जिंकले! या वेळी संशय आला म्हणून मीटर लावला. मिनी चालू केले की एकूण आवाजच अडीच डेसिबलने वाढतो. कानाला मोठे ते गोड लागते, दुकानदारांना हे ठाऊकच असते. तिन्ही तुकडे अर्ध्या डेसिबलच्या आत समान केले. मिनीचा मुकुट उतरला. गेले चार आठवडे मी त्याच्या पराक्रमाच्या गोष्टी घरात सांगत होतो.

याच दिवशीची दुसरी चूक लपवत नाही. आरव्ही-६ स्टिरिओमध्ये रेकॉर्ड केले, दोन तारा, दोन ट्रॅक. ऐकले. काहीच रुंद वाटेना. ‘स्टिरिओ म्हणजे नुसती जाहिरात’ असे वहीत लिहूनही टाकले. रात्री जेवताना आठवले की दोन्ही ट्रॅक मधोमधच ठेवले आहेत, एक डावीकडे आणि एक उजवीकडे टाकलाच नाही. वहीतली ओळ खोडली आहे, पण वाचता येते.

४ ऑगस्ट, रविवार

आजची नोंद लांब आहे, कारण सगळ्या महिन्यात शिकलो ते आज.

आतापर्यंत गिटार एकटी होती. आज फोनवरचा तंबोरा लावला, काळी एक पट्टीत, आणि त्यावर तिन्ही पेडल ऐकली. सगळा हिशेबच बदलला.

आरव्ही-६ चा मॉड्युलेट हा प्रकार मला एकट्या गिटारवर फार आवडला होता. शेपूट पाण्यासारखी हलते. तंबोरा आला आणि तो बेसूर लागायला लागला. कारण उघड आहे : शेपूट हलते म्हणजे तिचा सूर किंचित वर-खाली होतो. तंबोऱ्याचा षड्ज एका जागी उभा आणि माझा षड्ज त्याच्याभोवती पिंगा घालतो. कॉर्डच्या गाण्यात हीच शोभा आहे, आमच्या कामात हा दोष. शिमरचेही तेच. तो वरचा सप्तक जोडून देतो. मींड घेतली की वरचा सप्तक मागून घरंगळत येतो, लहान मुलाने नक्कल केल्यासारखा. दोन्ही पेडलांवर शिमर आहे, दोन्हीकडे रद्द.

मग हॉल, मोठ्या सभागृहासारखा घुमणारा प्रकार. लय मिनिटाला ७२ मात्रा, म्हणजे एक मात्रा ८३३ मिलिसेकंदांची. चौपटीच्या तानेत (मात्रेला चार स्वर) एकेका स्वराला २०८. मी हॉलची शेपूट तीन सेकंदांच्या आसपास ठेवली होती, कारण हेडफोनवर भव्य वाटते. तीन सेकंदांत ६० डेसिबल, म्हणजे सेकंदाला २०. पुढचा स्वर येईपर्यंत मागच्याची शेपूट जेमतेम चार डेसिबल उतरलेली. आणि पदात कोमल रिषभावरून षड्जावर उतरायचे आहे. काळी एकचा षड्ज २७७ हर्ट्झ, त्याच्या शेजारचा कोमल रिषभ गिटारवर २९४. दोन्ही एकत्र वाजले की सतरा हर्ट्झची खरखर. ज्या षड्जावर येऊन विसावायचे, तिथेच खडा. तान वाजवणाऱ्याची चूक नाही, शेपटीची.

शेपूट १.२ सेकंदांवर आणली. आता तेवढ्याच वेळात दहा डेसिबल उतरते. रिषभ जातो, षड्ज मोकळा होतो. शेपटीची लांबी नॉबवरच्या आकड्याने कळत नाही, नॉब घड्याळाच्या बारावर ठेवला तरी तिन्ही पेडलांची शेपूट वेगवेगळी. मी तार तळव्याने दाबून एक ठोका मारायचो, बाहेर आलेली शेपूट स्क्रीनवर मोजायचो, आणि नॉबशेजारी पांढऱ्या नेलपॉलिशचा ठिपका द्यायचो. नेलपॉलिश वहिनीचे, न विचारता.

फेब्रुवारीत जुन्या गोव्याला मॉन्तच्या कपेलात (टेकडीवरच्या छोट्या चर्चमध्ये) संगीत महोत्सव होतो, तिथे एकदा माईकशिवाय गिटार ऐकली होती. इतकी वर्षे माझ्या डोक्यातला ‘चांगला रिव्हर्ब’ तोच होता. पण तिथला वादक त्या जागेला ऐकत ऐकत वाजवतो, दोन वाक्यांमध्ये थांबतो. मी चौपटीची तान घेऊन त्या कपेलात शिरायला बघत होतो.

१० ऑगस्ट, शनिवार

हॉल ऑफ फेमची एक गंमत : फोनच्या ॲपमधून नवा रिव्हर्ब पेडलात घालता येतो, तोही तारेशिवाय. फोनचा स्पीकर गिटारच्या पिकअपवर धरायचा, फोन जुन्या मॉडेमसारखा किरकिरतो, पिकअप ते उचलतो आणि केबलमधून पेडलला पोचवतो. तीनदा फसले. पहिल्यांदा पेडलचा खटका टोनप्रिंटवर, म्हणजे बाहेरून घातलेल्या रिव्हर्बच्या जागेवर, नव्हता. दुसऱ्यांदा गिटारचा व्हॉल्यूम अर्ध्यावर. तिसऱ्यांदा पंखा दोनवर, तीच करवत. चौथ्यांदा पंखा बंद, व्हॉल्यूम पूर्ण, फोनचा आवाज पूर्ण, फोन पिकअपला टेकवून. दिवा लुकलुकला, गेले. आई दारातून बघत होती. ‘गिटारीला फोन आलाय?’

याच पेडलचा पायाचा खटका दाब ओळखतो, जोरात दाबला की शेपूट वाढते वगैरे. स्टेजवर बूट घालून ठीक. घरात अनवाणी पायाने दाबून बघितले, अंगठा दुखतो. वापरले नाही.

११ ऑगस्ट, रविवार

आंधळी परीक्षा. वहिनी गाते, विशारद झालेली आहे. पुतण्याला कान आहे पण धीर नाही. बारा तुकडे केले, प्रत्येक पेडलचे चार, त्यात दोन रूमचे आणि दोन हॉलचे. आवाज समान, शेपूट जवळजवळ समान, तंबोरा सगळ्यांत. क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवला. प्रश्न ‘कुठले चांगले’ असा विचारला नाही. ‘तानेतले स्वर सुटे ऐकू येतात का, आणि शेवट कसा विझतो’ एवढेच.

रूमच्या सहा तुकड्यांत दोघांनाही काही ओळखता आले नाही. २,८०० चे आणि ९,५०० चे सारखे. हॉलच्या सहांत मिनीचे दोन्ही तुकडे वहिनीने ताबडतोब बाजूला काढले : ‘शेवटाला पत्र्यावर वाळू पडतेय.’ मी पुन्हा ऐकले. शेपूट सरळ विरत नाही, कणाकणाने तुटते, आणि तळव्याने दाबलेल्या ठोक्यावर तर धातूसारखी वाजते. एकदा ऐकू आल्यावर ती वाळू मला आता सगळीकडे ऐकू येते. आरव्ही-६ आणि हॉल ऑफ फेम यांत वहिनीने अदलाबदल केली, पुतण्याने जांभई दिली.

म्हणजे फक्त छोट्या खोलीइतका रिव्हर्ब हवा असेल तर मिनीने काम भागते. मी ते एका महिन्याआधी स्वस्तात शिकू शकलो असतो.

१५ ऑगस्ट, गुरुवार

झेंडावंदन करून आलो आणि पहिले पद शेवटचे म्हणून वाजवायला बसलो. अर्ध्यात वीज गेली, घर इन्व्हर्टरवर. लॅपटॉप स्वतःच्या बॅटरीवर, मी म्हटले चालू ठेवू. वाजवणे महिन्यातले सर्वोत्तम झाले. ऐकले तर पूर्ण ट्रॅकभर भुंग्यांचे पोळे. आमचा इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा. त्याची करकर पन्नास हर्ट्झपुरती राहत नाही, वर थेट तानेच्या पट्ट्यात चढते, गाळून निघत नाही. ती टेक गेली. वहिनी म्हणाली पुन्हा वाजव. तिला काय जाते.

१८ ऑगस्ट, रविवार

दोन्ही पदे झाली, पहाटे पाच ते सात. त्या वेळी वीज स्थिर असते आणि पंख्याशिवाय बसवते. बेडूक होते, पण तार थेट, माईक नाही, त्यांनी कितीही गावे.

पेडल ठरले : हॉल ऑफ फेम. आवाजासाठी नव्हे. मागचे झाकण उघडले की आत दोन बारके खटके आहेत, त्यातला एक ‘किल ड्राय’. तो लावला की पेडलातून फक्त ओला आवाज येतो, कोरडी गिटार येत नाही. रेकॉर्डिंगला हेच हवे : कोरडा ट्रॅक वेगळा, शेपूट वेगळ्या ट्रॅकवर. आरव्ही-६ वर मी ई-लेव्हल (रिव्हर्बचे प्रमाण ठरवणारा नॉब) पूर्ण उजवीकडे नेऊनही कोरडी गिटार सोबत येतच राहिली. ती मूळ ट्रॅकवर मिसळली की काही मिलिसेकंदांच्या फरकामुळे गिटार पिंपातून वाजल्यासारखी येते. एक संध्याकाळ त्या पिंपात गेली.

प्रकार प्लेट. मूळ प्लेट म्हणजे लोखंडी चौकटीत ताणलेला पोलादी पत्रा. १९५७ सालच्या जर्मन ईएमटी १४० चे वजन पाव टनाच्या वर होते, आमचे टेबल तेवढ्यात बसले असते. मींडेला प्लेट चांगली लागते, कारण तिच्यात भिंतींवरून परत आल्यासारखे सुटे ठोके नाहीत, सुरुवातीपासून दाट. शेपूट १.२ सेकंद. ओला ट्रॅक तीस मिलिसेकंद पुढे सरकवला, म्हणजे स्वराचे टोक आधी कोरडे ऐकू येते आणि मग घुमते. आणि ओल्या ट्रॅकमधून २०० हर्ट्झच्या खालचे सगळे कापले, नाहीतर गिटारच्या खर्जाची शेपूट तंबोऱ्याच्या खाली गाळ करते.

३१ ऑगस्ट, शनिवार

कार्यक्रम देवळाच्या सभामंडपात. मंडळाच्या स्पीकरवर चाचणी घेतली. तिथला अँप मोनो, म्हणजे माझा सगळा स्टिरिओ तिथेच संपला. पण ते चालले असते. खरे दुखणे वेगळे. गुळगुळीत फरशी, उंच छत, रिकामा मंडप. टाळी वाजवली तर दोन सेकंद फिरत राहते. फुगे घरी राहिले. माझ्या १.२ सेकंदांवर मंडपाचे दोन. तान म्हणजे नुसता धूर. घंटा वाजवणाऱ्या काकांनी लांबून हात हलवून विचारले, काय वाजतेय?

ओला ट्रॅक वेगळा होता म्हणून वाचलो. पेडलचा आवाज गिटारमध्येच मिसळून रेकॉर्ड केला असता तर चवथीला सात दिवस असताना सगळे पुन्हा वाजवावे लागले असते. पहिल्या पदात शेपूट सहा डेसिबल खाली आणली, पुरले नाही, आणखी सहा. दुसऱ्या पदात ओल्या ट्रॅकचा आवाज पूर्ण तळाशी. म्हणजे आठ आठवडे, एकूण सतरा हजारांच्या वर खर्च, आणि सभामंडपात वाजणार ती कोरडी गिटार. मंडप माणसांनी भरला की थोडा कोरडा होईल, तेवढ्यासाठी पहिल्या पदात किंचित ठेवले.

दोन संच करून दिले. एक मंडपासाठी, एक मोबाइलवर ऐकणाऱ्यांसाठी.

८ सप्टेंबर, रविवार

स्पीकर सांभाळणाऱ्या मुलाने पहिले पद मोबाइलवाले लावले. मी माटोळीखाली (गणपतीसमोर टांगलेल्या फळापानांखाली) पंगतीत वाढत होतो, हातात सोलकढीचे भांडे. तान आली आणि कोमल रिषभ मंडपात लोंबत राहिला. भांडे टेकवून धावलो, पण तोवर पद संपले आणि लोकांनी टाळ्याही वाजवल्या. दुसरे बरोबर लागले. वहिनीने लांबूनच भुवई उडवली. दोन्ही फाइलींची नावे मी पदाच्या नावाने सुरू केली होती, ‘मंडप’ हा शब्द शेवटी. फोनच्या पडद्यावर शेवट दिसतच नाही. पुढच्या खेपेला ‘मंडप’ आधी.

पेडलांचे असे झाले : मावसभाऊ हॉल ऑफ फेम न्यायला आला, आरव्ही-६ वर दहा मिनिटे कॉर्ड वाजवले, मॉड्युलेटवर हात वर करून छताकडे बघितले आणि तेच घेऊन गेला. स्टेजवर त्याला बरे पडेल. हॉल ऑफ फेम माझ्याकडे, वर त्याला एक हजार द्यायचे आहेत. मिनी पुतण्याने नेले. नेलपॉलिशचे ठिपके तिन्हींवर तसेच आहेत.